काका, तुमच्या त्या वहीसाठी

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही ते माहितीये मला. मोबाईल तुम्ही फोन घ्यायला आणि तुमच्या त्या मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवरचे फोटो बघायलाच वापरता, म्हणून नातीला पाठवतेय, ती तुमच्या सायकलच्या दुकानात बसून वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळेला तुम्ही "हां हां ते जाऊ द्या, हवा भरायचीये का" म्हणून पंप हातात दिलात. आता घ्या लेखी. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कोथरूडात पार्किंगमधून सायकल गेलेली आमची एकटीची नाही.

डिसेंबरातला मंगळवार. संध्याकाळी पावणेसहाला लेक क्लासला म्हणून खाली गेली आणि दोन मिनिटांत परत वर, "आई, सायकल नाहीये". मला वाटलं कुणीतरी सरकवली असेल, आमच्याकडे कार लावायला जागा झाली नाही की सायकली उचलून जनरेटरच्या मागे टाकायची पद्धतच आहे. खाली जाऊन बघते तर बी विंगच्या जिन्याखाली केबल लॉकचा तुकडा पडलेला, वरचं हिरवं प्लास्टिक सोललेलं, आतल्या बारीक तारा पिंजारलेल्या, आणि नंबरच्या चकत्या मात्र जशा लेकीने फिरवून ठेवल्या होत्या तशाच. लॉकचा नंबर लपवून ठेवायची ती, भावालासुद्धा सांगायची नाही. कापणाऱ्याला नंबर लागतो कुठे.

मग सोसायटीचा ग्रुप. तो काय असतो तुम्हाला कल्पना नाही काका, अर्ध्या तासात साठ-सत्तर मेसेज, आणि त्यातले निम्मे "रात्री वॉचमन झोपतो" असे. अहो लेक दुपारी दोनला त्याच सायकलवरून शाळेतून आली होती, रात्रीचा संबंधच काय, पण लिहिणारे लिहीत होते. मग सेक्रेटरींच्या घरी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, बघायला बसलो. पार्किंगच्या कॅमेऱ्यावर कोळ्याचं जाळं, घड्याळ 40 मिनिटं मागे, तरी दिसलं एकदाचं. कॅप घातलेला एक माणूस, घाई नाही काही नाही, पाण्याचा टँकर गेटमधून बाहेर पडताना त्याच्या आडोशाने सायकल हातात धरून चालत गेला, जणू पंक्चर काढायला चाललाय. वॉचमन तेव्हा टाकीपाशी टँकरचा पाईप गुंडाळत होता. तर म्हणे त्याच्या पगारातून कापा. ही गोष्ट मी तुम्हाला नंतर सांगितली तेव्हा तुम्ही डोकं वर न करता म्हणालात, "मग पाईप कोण गुंडाळणार होतं, चेअरमन?" हे वाक्य मी मीटिंगमध्ये माझं म्हणून वापरलं. पगार कापला नाही त्याचा. त्याचे आभारही तुमच्याकडेच जमा करा.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न बिल, दुसरा फ्रेम नंबर. सेकंडहँड घेतलेली, बिल कुठलं. फ्रेम नंबर नावाची गोष्ट सायकलला असते हेच मला तिथे कळलं, बाइकला असते ते माहिती होतं. मग म्हणाले गहाळ झाल्याची ऑनलाइन नोंद करून टाका, लगेच होईल. खरं सांगते, मी करूनच टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले ती काही मदत मागायला नाही काका, दुसरी एखादी जुनी सायकल आहे का विचारायला. तुम्ही मडगार्ड ठोकत होतात. "कुठली गेली? ती लाल-काळी? थांबा." आणि आत जाऊन ती वही आणलीत.

त्या वहीबद्दल लिहायला हवं. दोनशे पानी लाँगबुक, पुठ्ठा फाटलेला, भोवती जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर. पानांच्या कडा ग्रीसने काळ्या आणि प्रत्येक पानावर तुमचा अंगठा उमटलेला, आधार कार्ड काढायला हरकत नाही त्यावरून. तारीख, सायकल, काम, पैसे, आणि शेवटी एक लांबलचक आकडा. आमची नोंद सापडली: "लाल काळी गिअर. बी विंग. मागचं चाक आउट, एक तार नवी टाकली (चकाकते). ओव्हरऑइलिंग. 50 बाकी. बाई हुज्जत घालते." हे शेवटचं तुम्ही हाताने झाकायला गेलात पण मी वाचलं. आणि त्याच्याखाली फ्रेम नंबर. पेडलच्या खाली, सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही अशा जागी नळीवर ठोकलेला असतो तो, आणि तुम्ही हातात आलेली प्रत्येक सायकल उलटी करून तो लिहून ठेवता. का, तर पूर्वी पालिकेचा बिल्ला असायचा सायकलला, तो गेला तशी सायकलची ओळखच गेली, म्हणून. किती वर्षं करताय विचारलं तर "वह्या मोजल्या नाहीत".

वर मला समजावलंत की गहाळ लिहू नका, गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवली, ही कुणीतरी नेली, चोरीच लिहा. आणि किती पैसे मोजलेत ते दाखवा. हे दुसरं किती महत्त्वाचं ते आमच्या ए विंगमधल्या वकील ताईंनी सांगितलं. 1 जुलै 2024 पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात चोरी कलम 303 मध्ये, आणि पाच हजारांच्या आतली चोरी असेल तर ती अदखलपात्र धरली जाऊ शकते, म्हणजे चौकीत नुसती नोंद (एनसी), तपासाची बोंब. अर्ध्या पुण्याच्या सायकली जुन्या झाल्या की तेवढ्याच किमतीच्या. आम्ही साडेआठ हजार यूपीआयने दिले होते, त्याचा स्क्रीनशॉट शोधून काढला, तुमच्या वहीच्या पानाचा फोटो काढला, आणि परत गेलो. यावेळी एफआयआर झाला. कॉपी फुकट मिळते हेही लोकांना माहिती नसतं, मागून घ्या.

मग त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही मला तो प्रयोग दाखवलात. माझ्याच लॉकसारखं दुसरं लॉक घेतलंत, कटर लावला, "मोजा" म्हणालात. मी तीनपर्यंत पोचले. लॉक पुढच्या चाकाला घालून उपयोग नाही, क्विक रिलीजचं चाक असेल तर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतात, फ्रेम आणि मागचं चाक एकत्र धरून जाड यू लॉक घालायचं आणि ते जमिनीत पक्क्या बसवलेल्या पाईपला. आमचा स्टँड कसा होता, चार बोल्टवर, पाना आणला की अख्खा स्टँडच उचला. हे सगळं सांगताना तुम्ही मला एकदाही "तुमचं चुकलं" म्हणाला नाहीत. ग्रुपवर म्हणणारे अकरा जण होते.

नवऱ्याने रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली, बुधवारी परत. काही नाही, येताना एक पितळी अडकित्ता घेऊन आला. मी सोडून दिलं होतं तोपर्यंत. तुम्ही सोडलं नव्हतं. नंबर आणि फोटो तुमच्या ग्रुपवर टाकलात, वर लिहिलंत "मागच्या चाकात एक तार चकचकीत", आणि तेविसाव्या दिवशी वारज्याच्या एका मेकॅनिककडे पंक्चर काढायला सायकल आली, त्याला तार दिसली. त्याने उलटी करून नंबर बघितला, गिऱ्हाइकाला "ट्यूब संपलीये, उद्या या" म्हणून वाटेला लावलं आणि तुम्हाला फोन केला. त्या माणसाला मी ओळखतही नाही. त्यालाही हे वाचून दाखवा.

तुम्ही मला म्हणालात, "आपण जायचं नाही, पोलिसांना घेऊन जायचं". बरं झालं म्हणालात, कारण मी रिक्षा बोलवायच्या बेतात होते.

सायकल आणणारा मुलगा निघाला डिलिव्हरीवाला. वीस-एकवीस वर्षांचा, बीडकडचा, रस्त्यावर कुणाकडून तरी अडीच हजाराला घेतलेली, तेही उसने घेऊन. चौकीत बाकावर बसून होता आणि ती लाल पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता, आत कुणाचं तरी जेवण होतं. चोरीचा माल माहिती असून घेतला तर तो वेगळा गुन्हा, त्याला ते माहिती नव्हतं हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. जबाब घेऊन सोडलं त्याला. मी तर चिडून गेले होते हो, सगळं भांडण पाठ करून, आणि तिथे ते कुणाशी करायचं तेच कळेना. खरा चोर काही मिळाला नाही, आजतागायत.

सायकल लगेच हातात येत नाही हे एक. ती मुद्देमाल होते, म्हणजे केसमधला पुरावा. कोर्टात अर्ज, बाँड, फोटो, पाचेक आठवडे. ऑर्डरवर टाईप केलेला फ्रेम नंबर बघितला तेव्हा मला तुमचा अंगठाच दिसला त्याच्यावर.

आणि फेब्रुवारीतला तो रविवार. सकाळी आठला तुम्ही स्टूल, वही आणि गॉगल घेऊन आमच्या पार्किंगमध्ये बसलात आणि दुपारपर्यंत 43 सायकली उलट्या करून नंबर लिहून घेतलेत. तीन चहा आणि एक प्लेट पोहे, बाकी एक रुपया घेतला नाहीत. पोरं लाईन लावून उभी, चेअरमनसुद्धा स्वतःची ती महागडी सायकल धरून लाईनीत. 43 पैकी 9 बेवारस निघाल्या, धुळीने फ्रेमचा रंग कळेना, पोरं शिकून बाहेर गेली आणि सायकली जिन्याखाली राहिल्या. तुम्ही प्रत्येकीची चेन हाताने फिरवून बघितलीत, गुरांचा डॉक्टर बघतो तशी.

त्यातल्या एकीचा मालक आता न्यू जर्सीत असतो, त्याला मेसेज केला, म्हणाला देऊन टाका कुणाला हवी असेल तर. ती तुम्ही दुकानात नेलीत, छर्रे बदललेत, नवे टायर घातलेत, आणि परवा कर्वे रोडच्या सिग्नलला माझ्या बाजूला ती सायकल उभी होती, वर लाल पिशवी. त्याने मला ओळखलं नाही किंवा ओळखून मान फिरवली, काय ते कळलं नाही. तुम्ही मला याबद्दल एक शब्द बोलला नव्हतात. मी दुकानात विचारलं तर "अहो पडूनच होती".

काका, त्या टायरचे, छर्ऱ्यांचे पैसे कुणी दिले? वहीत नक्की असेल. बिल पाठवा, बी विंग भरेल, आणि माझे ते 50 पण धरा त्यात. हुज्जत घालणार नाही. टायरच्या किमतीवर जरा घालीन.

तुमची
बी विंगची हुज्जत घालणारी बाई