अपडेटची वही घालून देणाऱ्या काकांस अनावृत आभारपत्र

बडोदे, १७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात, १४ ऑक्टोबर रोजी, विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स बंद झाली आणि त्या दिवशी दांडिया बाजारातील आमच्या कार्यालयात कोणाचीही धावपळ झाली नाही. दिवाळी सहा दिवसांवर आलेली असतानाही प्रत्येक जण आपल्या जागी बसून नेहमीचे काम करीत होता. हे पत्र लिहायचे मी त्याच संध्याकाळी ठरवले. ते अनावृत लिहीत आहे, कारण करसल्लागारांची, पतपेढ्यांची आणि लहान संस्थांची कार्यालये सांभाळणाऱ्या अनेकांपुढे हाच प्रश्न आहे, आणि आपण घालून दिलेली रीत त्यांनाही उपयोगी पडावी.

आपल्याला आठवत असेल, २० जुलै २०२३ हा जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीन संगणकांनी एकाच वेळी अपडेट उतरवायला घेतले, इंटरनेटची लाइन रेंगाळू लागली, आणि त्यातला एक संगणक खरेदीचा ताळा अर्धवट असतानाच रीस्टार्ट झाला. महिनोन्महिने आम्ही ‘नंतर आठवण करा’ हेच बटण दाबत आलो होतो, त्याचा तो परिणाम होता. संतापाच्या भरात मी सगळ्याच संगणकांची अपडेट्स बंद करवून घेतली. पुढच्या आठवड्यात आपण स्वतःच्या आयकर विवरणपत्रासाठी आलात, ही हकीकत ऐकलीत आणि एवढेच विचारलेत, “बंद केलीत, ठीक आहे, पुन्हा चालू कधी करणार, ती तारीख सांगा.” माझ्याकडे तारीख नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी आपण आलात ते दोनशे पानी वही घेऊन. अपडेट्स आपोआप होण्याची व्यवस्था करायची म्हणजे काहीतरी प्रोग्राम बसवायचा असेल, अशी माझी समजूत होती. आपण मात्र दोन शनिवार कशालाही हात न लावता केवळ मोजदाद केलीत. प्रत्येक संगणकासमोर बसून विंडोजची आवृत्ती दाखवणारी ‘विनव्हर’ ही आज्ञा द्यायची, दिसेल तो आकडा वहीत लिहायचा, आणि तो संगणक कोणाच्या हातात असतो त्याचे नाव शेजारच्या रकान्यात. कार्यालयात २६ संगणक होते: १७ विंडोज १० चे, ४ विंडोज ११ चे, ३ विंडोज ७ चे आणि २ उबुंटूचे, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे. विंडोज १० म्हणजे सगळे सारखेच, असे मी धरून चालले होते. त्या १७ पैकी पाच १९०९ या आवृत्तीवरच थांबलेले होते आणि त्या आवृत्तीला मे २०२१ पासूनच मासिक सुरक्षा अपडेट्स येत नव्हती, हे त्या रकान्यामुळे कळले. पडद्यावर काहीही तक्रार न दाखवता ते पाच संगणक सव्वादोन वर्षे उघडे पडलेले होते. आधी त्यांना २२एच२ या नव्या आवृत्तीवर आणल्याशिवाय पुढची कोणतीही व्यवस्था करायला आपण नकार दिलात, आणि आज वाटते की सारे काम तिथेच अर्धे झाले.

विंडोज ७ चे तीन संगणक आपण या व्यवस्थेत घेतलेच नाहीत. त्या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तो उत्तरायणाचा, म्हणजे पतंगांचा दिवस. सारे बडोदे गच्चीवर होते आणि आमच्या लक्षातही आले नाही. जुन्या पगारपत्रकाचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नसल्याने ते टाकून देता येत नव्हते, म्हणून आपण त्यांची नेटवर्कची केबल काढून ठेवलीत आणि माहितीची ने-आण एकाच ठरलेल्या पेन ड्राइव्हने, तोही आधी तपासून, करायला लावलीत.

मग टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या सर्व्हरमध्ये वेगळी हार्ड डिस्क बसवून आपण त्यावर विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस, म्हणजे डब्ल्यूसस, उभे केले, जेणेकरून प्रत्येक अपडेट बाहेरून एकदाच उतरावे आणि बाकीच्यांनी ते आतल्या आत घ्यावे. यादीत २१ नावे दिसायला हवी होती, दिसत होती १६. मी म्हणाले, “पाचच कमी आहेत, येतील हळूहळू.” आपण ऐकले नाही. दिवसभर यादीकडे पाहत बसलात आणि दुपारच्या चहाच्या वेळी मला बोलावून दाखवलेत की सकाळी ज्या ओळीत वसुलीच्या टेबलावरच्या संगणकाचे नाव होते, त्याच ओळीत आता स्वागतकक्षातल्या संगणकाचे नाव आले आहे. एका वेळी घेतलेले सहा संगणक पुरवठादाराने एकाच मूळ प्रतीवरून तयार केले होते, त्यामुळे सहाही जण सर्व्हरला एकच ओळख क्रमांक सांगत होते आणि सर्व्हर त्यांना एकच समजत होता. आपण एकेका संगणकावर अपडेटची सेवा थांबवून रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींतील, तो क्रमांक पुसलात, सेवा पुन्हा चालू केलीत, आणि नव्या क्रमांकाने एकेक नाव यादीत उमटू लागले. एकविसावे नाव आले तेव्हा साडेसात वाजले होते. ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

वेळापत्रकाबद्दल विशेष आभार मानायचे आहेत, कारण तेथे आपण संगणकाइतकाच आमच्या कामाचाही विचार केला. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि आपल्याकडे तोवर रात्र होते, म्हणून आपण संगणकांचे दोन गट करून, अपडेट आधी घेऊन पाहणाऱ्या पहिल्या गटासाठी बुधवारची रात्र ठरवलीत. त्या गटात चारच संगणक ठेवलेत, पण प्रत्येक आवृत्तीचा आणि प्रत्येक प्रकारच्या प्रिंटरचा त्यात समावेश केलात. बाकीच्यांना आठवड्याने द्यावे असे मी सुचवले, तेव्हा आपण बोटावर हिशेब करून सांगितलेत की तो दिवस १६ ते २२ तारखांच्या दरम्यान येईल, म्हणजे नेमका ३बीच्या २० तारखेवर आदळेल. म्हणून दुसऱ्या गटाला २० तारखेनंतरचा पहिला शनिवार मिळाला. त्यामुळे ११ ते १८ दिवसांचा उशीर होतो, याची मला धास्ती होती. वॅनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिचे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी निघाले होते आणि हल्ला १२ मे रोजी झाला, हा ५९ दिवसांचा दाखला आपण दिलात. मात्र एखाद्या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू असल्याची सूचना आली, तर शनिवारची वाट पाहायची नाही, हेही वहीत लाल शाईने लिहून ठेवलेत.

उबुंटूचे काम तुलनेने सोपे होते. त्यातली ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही सोय सुरक्षा अपडेट्स स्वतः घेते, पण रीस्टार्ट आपणहून करत नाही. त्यामुळे रीस्टार्टची गरज असल्याचे सांगणारी ‘रिबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार झाली आहे का, हे रोज सकाळी पाहण्याचे काम आपण आमच्या शिपाईभाऊंना शिकवलेत, आणि ते एकही दिवस चुकलेले नाहीत.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला आणि कार्यालय काही दिवस बंद राहिले. वीज आल्यावर सगळे संगणक एकदम चालू केले असते, तर २०२३ सारखाच गोंधळ झाला असता. वहीत आपल्या अक्षरात सूचना होती: आधी सर्व्हर, त्याचे घेऊन झाल्यावर पहिला गट, मग बाकीचे. आम्ही तसेच केले आणि दुपारी काम सुरू झाले.

आणि या ऑक्टोबरच्या शांततेचे श्रेयही त्याच वहीला आहे. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आहे का आणि प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हा रकाना आपण २०२३ मध्येच भरून घेतला होता. म्हणून १७ पैकी ११ संगणक विंडोज ११ वर जातील आणि ६ जाणार नाहीत, हे आम्हाला दोन वर्षे आधी ठाऊक होते. त्या सहांपैकी चारांच्या जागी टप्प्याटप्प्याने नवे घेतले, दोन उबुंटूवर नेले. मानधनाचा विषय आपण प्रत्येक वेळी लीलो चेवड्याच्या एका पुडीवर मिटवलात, याची खंत माझ्या मनात आहे.

ती वही आता संपत आली आहे. मी नवी आणली आहे. येत्या शनिवारी, २२ तारखेला, दुसऱ्या गटाची पाळी आहे. आपल्याला सवड असेल तर पाच वाजता यावे. पहिल्या पानावरची यादी आपल्याच हातची असावी, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे.

आपली नम्र,
कार्यालय व्यवस्थापिका