आई-बाबा, कॉमिक्स वाचायला घेताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कपाटातले सुपरहिरोंचे कॉमिक्स वाचून बघायचं म्हणता, फार आनंद झाला. पण पहिल्या अंकापासून ओळीने सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, आणि दोघांच्या नव्या गोष्टी अजून निघतायत. तेव्हा अंकाचे आकडे सोडा आणि एका लेखक-चित्रकार जोडीचं सलग काम धरा. बाबा, तुम्हाला पोलिसी कथा आवडतात, तर तुम्ही बॅटमॅनचे ४०४ ते ४०७ हे चार अंक घ्या. १९८७ ची ही गोष्ट फ्रँक मिलरची, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. बॅटमॅनइतकीच ती गॉर्डन या पोलीस अधिकाऱ्याचीही आहे. आई, तू स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन घे. तो १९६२ मध्ये सुरू झाला आणि डिटकोने ३८व्या अंकानंतर सोडला.

वाचताना पात्रांच्या बोलण्याचे फुगे डावीकडून उजवीकडे, वरून खाली घ्यायचे. एकाच चौकटीत दोघं बोलत असतील तर ज्याचा फुगा वर, तो आधी बोलला. चौकोनी पट्टीतला मजकूर निवेदकाचा किंवा पात्राच्या मनातला. तारांकन करून मागच्या अंकाचा हवाला दिलेला दिसेल. तो अंक शोधत बसू नका, लागेल तेवढं पुढे कळतंच. नवीन वाचकाचं चुकतं ते एकाच ठिकाणी: तो फुगे वाचून पान उलटतो. मग वीस-बावीस पानांचा अंक दहा मिनिटांत संपतो आणि हाती काही लागत नाही. आधी अख्खं पान बघा, मग मजकूर वाचा, मग परत चित्रांवर या.

स्पायडरमॅनचा ३३वा अंक यासाठी मुद्दाम बघा. स्पायडरमॅन अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, त्याला वाढवणाऱ्या मे काकूंचा जीव वाचवणारं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. डिटको चौकटी मोठ्या मोठ्या करत नेतो, आणि यंत्र उचललं जातं तेव्हा एकच चित्र पूर्ण पान व्यापतं. तो जोर आपल्यालाही लागतो, कारण आधीच्या अरुंद चौकटींत आपणही कोंडलेले असतो. माझ्या मते या प्रकारात यापेक्षा चांगली पानं फार थोडी आहेत. म्हणूनच फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका, पानाची सगळी रचनाच हरवते. अक्षर बारीक वाटलं तर भिंग घ्या.

आता हाताळणी. जुने अंक हलक्या कागदावर छापलेले. त्यातल्या आम्लामुळे कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि ऊन-दमट हवेत ते लवकर होतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेलं नको. अंक मागे दुमडून एका हातात धरू नका. पिनांपाशी कव्हरवर पांढऱ्या रेघा उमटतात, त्या जात नाहीत. टेबलावर ठेवून जेवढा सहज उघडेल तेवढाच उघडा.

सगळ्यात जास्त नुकसान, अंक ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय तिच्या चिकटपट्टीने होतं. अंक बाहेर काढताना ती कव्हरला चिकटते आणि वरचा रंगाचा थर सोलून काढते. त्यामुळे आधी पट्टी पूर्ण काढा, टेबलाच्या कडेला लावून ठेवा, मगच अंक सरकवा. परत ठेवताना पाठीमागचा पुठ्ठा आणि अंक एकत्रच आत घाला, नाहीतर कोपरे मुडपतात. खोक्यात अंक उभेच राहू देत. काही बाहेर काढल्यावर उरलेले कलले तर मोकळ्या जागेत रिकामा पुठ्ठा उभा करा. कललेला अंक काही महिन्यांत तसाच वाकतो. खोकं जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते आणि पिना गंजतात.

बाबा, चौथा अंक झाला की फोन करा. गॉर्डनबद्दल तुमचं मत मला ऐकायचंय. त्याआधी आईला शेवट सांगू नका.

तुमची लेक