मार्बल कटर उलटा बसवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या सुतारांच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत यंत्रांचा आवाज चालू असतो. गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या माटोळीची चौकट, देवाचा चौरंग, वर्षभर राहून गेलेली दारं-कपाटं, सगळं त्याच पंधरवड्यात हवं असतं. हल्ली घरच्या घरी मखर करणारी हौशी मुलंही ग्राइंडर आणि कटर विकत घेतात. त्यांना पहिला सल्ला मिळतो तो 'घाबरू नकोस, हात बसेल' हा. हात जरूर बसावा, पण भीती जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

भीतीचेही प्रकार आहेत. थरथरत्या हाताने फळी अर्धवट धरणारा आणि कापता कापता मध्येच थांबणारा माणूस धोक्यात असतोच. उपयोगाची भीती वेगळी. फळी निसटली तर माझा हात कुठे जाईल, हा प्रश्न ती प्रत्येक कापाआधी विचारायला लावते. यंत्र बंद असताना फळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सरकवून पाहा. शेवटच्या चार इंचांत बोटं कुठे येतात ते तिथेच कळतं. एकसारखे चाळीस तुकडे कापायचे असतात तेव्हा पहिल्या तुकड्याला आपण सावध असतो. पस्तिसाव्याला लक्ष चहाकडे गेलेलं असतं.

आता मुख्य तक्रार. प्लायच्या तुकड्याला चीर पाडायची, खालून ११० मिलिमीटरचा मार्बल कटर उलटा जखडायचा, त्याचं बटण लॉक करून भिंतीवरच्या स्विचने चालवायचा, की झाला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या ब्लेडचं कापयंत्र! ही जोडणी आज शेडोशेडी दिसते. मार्बल कटर फरशी कापण्यासाठी केलेला आहे. फरशीच्या डायमंड ब्लेडला दात नसतात, ते घासत जातं. त्या जागी चाळीस दातांचं लाकडाचं ब्लेड चढवलं की तेच यंत्र लाकडाच्या रेषेत दात रोवून ओढायला लागतं. त्याचा गार्ड टेबलाच्या आड येतो म्हणून आधीच काढून टाकलेला असतो. मोकळ्या फिरतीत हे यंत्र मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २००. चाळीस दातांच्या हिशेबाने सेकंदाला ८,००० दात एका जागेवरून जातात आणि ब्लेडच्या कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात पोचतो. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात १,६०० दात गेलेले असतात. 'लागलं की लगेच हात काढू' या भरवशाला काही अर्थ नाही, तो यासाठी.

घात नुसत्या कापण्याने होत नाही, फेकण्यानेही होतो. टेबलावरच्या ब्लेडचे आपल्याकडचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात वर येतात. फळी किंचित वाकडी झाली किंवा कापाची फट मागे आवळली, की हेच मागचे दात फळी उचलून थेट कापणाऱ्याच्या पोटावर मारतात. फळीवर टेकलेला हात त्या झटक्यात ब्लेडवर जातो. पावसाळ्यात पुरतं न वाळलेलं फणसाचं किंवा माट्टीचं लाकूड चिरताना ही फट बरेचदा आवळते, कारण आतला ताण मोकळा होऊन दोन्ही बाजू एकमेकींकडे येतात. जुने करवतकाम करणारे ओंडका चिरताना कापात लाकडाची पाचर ठोकत पुढे जायचे. चांगल्या टेबल सॉला ब्लेडच्या मागे पोलादाची पातळ पट्टी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती म्हणजे तीच पाचर, यंत्रालाच कायमची बसवलेली. ती ब्लेडच्या चकतीपेक्षा थोडी जाड, पण दातांच्या रुंदीपेक्षा बारीक असावी आणि ब्लेडपासून ३ ते ८ मिलिमीटरवर राहावी. उलट्या मार्बल कटरला ती बसवायला जागाच नसते. एवढ्या एका कारणासाठी ही जोडणी मोडीत काढावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरा टेबल सॉ वापरणाऱ्यांनीही फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी, मोजून लावावी. ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या दाताजवळ अंतर सारखं हवं. मागे केसभर जास्त चालेल, कमी बिलकुल नको. ब्लेड फळीच्या वर ५ मिलिमीटरच्या आसपास दिसावं, त्याहून उंच नको. फेन्स आणि ब्लेडमध्ये सहा इंचांपेक्षा कमी जागा असेल तर हाताऐवजी खाच पाडलेली ढकलकाठी वापरावी. ती टाकाऊ प्लायची पाच मिनिटांत होते आणि कापली गेली तर दुसरी करता येते. उभं राहताना ब्लेडच्या रेषेतून बाजूला राहावं. पलीकडे फळी धरणाऱ्या पोऱ्याला बजावून सांगा: फळीला नुसता आधार द्यायचा, ओढायची नाही. त्याने ओढली की ढकलणाऱ्याचा हात तिच्याबरोबर ब्लेडकडे जातो.

आपल्याकडे पावसात लाइट जाते. कटरचं बटण लॉक असतं, आवाज थांबतो, माणूस ब्लेडजवळचा भुसा काढायला वाकतो आणि लाइट येते. लाइट गेली की आधी पिन काढायची, बाकी सगळं नंतर. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाला हिरव्या-लाल बटणांचा साधा स्टार्टर असतो. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय पंप चालू होत नाही. मोटरच्या अँपिअरप्रमाणे निवडलेला तसाच स्टार्टर किंवा नो-व्होल्ट स्विच लाकूड कापणाऱ्या यंत्राला बसवता येतो. इलेक्ट्रिशियनला ते तासाभराचं काम आहे. ओल्या जमिनीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शनही टाळा. त्यात व्होल्टेज पडतं, ब्लेड लाकडात अडखळतं, मग माणूस जोर लावतो आणि झटका तिथेच बसतो.

ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी ब्लेड तर कधीच चढवू नये. त्याला टेकायला पाया नसतो, त्यामुळे ब्लेड किती खोल जाईल यावर ताबा राहत नाही. उसळला की तो मांडीवर किंवा गळ्यावर येतो. हाताने कापायचंच असेल तर सात इंची सर्क्युलर सॉ घ्या. त्याचा खालचा गार्ड काप संपला की स्प्रिंगने आपोआप मिटतो. तो गार्ड उघडा राहावा म्हणून पाचर मारून ठेवलेली यंत्रं दिसतात. ती पाचर आधी काढा. कुठलंही ब्लेड घेताना त्यावर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना, ते वाचा. जुनी घरं मोडून आलेल्या वाशांत खिळे असतात. चुंबक फिरवल्याशिवाय ते वासे यंत्राला लावू नयेत, कारण उडालेला कार्बाइडचा दात डोळ्यापर्यंत पोचतो.

ट्रिमरचा (लाकडाच्या कडा कोरणाऱ्या हातयंत्राचा) बिट, म्हणजे कापणारं पातं, कोलेटमध्ये (तो पकडणाऱ्या नळीत) तळाला टेकवून मग दोनेक मिलिमीटर वर घ्या आणि बाहेरच्या कडेला ट्रिमर बिटच्या फिरण्याविरुद्ध दिशेने चालवा. रंधा मशीनवर एक फुटापेक्षा आखूड तुकडा घालू नये. तो हाताच्या रंध्याने करावा.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार आहे. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजा संरक्षण देत नाही. त्याचा एक धागा अडकला की सगळा हात आत जातो. मनगटावरचा गंडा, कडं, अंगठी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही यांचंही तेच. गंडा देवाचा असेल तर काम होईपर्यंत तो यंत्राशेजारच्या कोनाड्यात ठेवा.

खंडेनवमीला प्रत्येक मेस्त (सुतार) आपल्या यंत्राला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. ही श्रद्धा खरी आहे आणि ती टिकावी. पूजेसाठी यंत्र पुसायला घ्याल तेव्हा कोपऱ्यात पडलेला गार्डही शोधून काढा, पुसा आणि यंत्राला परत चढवा. फिरत्या भागांना आवरण हवं हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं, पण तीन-चार माणसांची शेड कायद्याने कारखाना ठरत नाही. तिथे तपासायला कोणी येत नाही, म्हणून हे मालकानेच बघायचं.

एवढं करूनही बोट गेलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा आणि १०८ ला फोन करा. हळद किंवा कॉफी भरू नका. सूज येण्याआधी अंगठी काढा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर नको, फ्रीझरमध्येही नको, तिथे पेशी मरतात. पिशवी जखमीबरोबरच गाडीत जायला हवी. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे, त्यामुळे तिथे निघतानाच बोट तुटल्याचं कळवा. शेडच्या प्रथमोपचार पेटीत गॉज आणि दोन रिकाम्या पिशव्या आजच ठेवा.

आपले,
लाकूडकाम करणारे काही वाचक, फोंडा