महिला खेळाडूंच्या वाट्याविषयी अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. लिंडा मॅकमहन,
शिक्षणमंत्री, अमेरिका

महोदया,

जुलै 2025 पासून अमेरिकेतील विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. महाविद्यालयीन खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या 'हाउस' खटल्यातील तडजोडीनुसार पहिल्या वर्षी एक विद्यापीठ सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटू शकते. ही रक्कम 'टायटल नाइन' या कायद्याच्या कक्षेत येते, म्हणजेच तिच्या वाटपात मुलगे आणि मुली यांच्यात भेदभाव करता येणार नाही, असे मार्गदर्शन आपल्या खात्याने जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केले आणि महिन्याभरात ते मागे घेतले. ते पुन्हा लागू करावे, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. ते मराठीत आहे, कारण ज्यांच्या मुली आज अमेरिकेतील शाळांच्या संघांत खेळत आहेत अशा मराठी आईवडिलांनीही हा हिशेब पाहावा असे मला वाटते.

मार्गदर्शन मागे घेण्याच्या बाजूने सांगितला जाणारा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. जो खेळ पैसा मिळवतो त्याच्या खेळाडूंनाच तो मिळावा, असे म्हटले जाते. याच न्यायाने तडजोडीतील आधीच्या वर्षांतील खेळाडूंना द्यायच्या सुमारे 280 कोटी डॉलरच्या भरपाईपैकी जवळपास 90 टक्के वाटा (अमेरिकी) फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल यांच्याकडे, तर महिला बास्केटबॉलकडे जेमतेम 5 टक्के जाईल असा अंदाज मांडला गेला, आणि त्याविरुद्ध काही महिला खेळाडूंनी अपीलही केले. हा युक्तिवाद टेनेसी विद्यापीठाच्या इतिहासाशी ताडून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

नॉक्सव्हिलच्या या विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉल संघ 1903 मध्ये उभा राहिला. पुढे चुरशीचे सामने मुलींच्या प्रकृतीला आणि शीलाला घातक असतात हे मत देशभर बळावले (ते मांडणाऱ्यांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकाच आघाडीवर होत्या) आणि 1926 च्या सुमारास तो संघ बंद झाला. त्याच दशकात, 1921 मध्ये, त्याच विद्यापीठाचे फुटबॉल मैदान 3,200 प्रेक्षकांच्या सोयीने सुरू झाले होते. आज तिथे एक लाखाहून अधिक लोक बसतात. हे आपोआप घडलेले नाही. टप्प्याटप्प्याने सज्जे वाढवले गेले, चांगले प्रशिक्षक आणले गेले, आणि या खर्चाला पिढ्यान् पिढ्या कुणी हरकत घेतली नाही. मुलींना मात्र तेवढ्या काळात संघच नव्हता. आडातच नाही ते पोहऱ्यात येत नाही म्हणून दोष पोहऱ्याला द्यायचा, असा हा प्रकार आहे.

1974 मध्ये 22 वर्षांच्या पॅट हेड, म्हणजे पुढच्या पॅट समिट, पुन्हा उभ्या राहिलेल्या या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या, पण महिला खेळाडूंसाठी शिष्यवृत्तीच नसल्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांनी केला होता. नॉक्सव्हिलमध्ये त्यांना महिना 250 डॉलर मिळत. संघाचे गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते, ते त्या स्वतः धूत, आणि बाहेरगावच्या सामन्यांना व्हॅनही स्वतःच चालवत. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध 84-83 असा एका गुणाने हातचा गेला.

'टायटल नाइन' 1972 मध्ये मंजूर झाला तेव्हा त्यात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण त्याच्यामुळे विद्यापीठांना महिला संघांसाठी पैसा काढणे भाग पडले. टेनेसीने महिला क्रीडा विभागच वेगळा केला. त्याची संचालक वेगळी आणि अंदाजपत्रकही वेगळे. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, कारण त्यामुळे मुलींच्या संघाला फुटबॉलच्या उरल्यासुरल्यावर अवलंबून राहावे लागले नाही.

शाळांच्या पातळीवरचा अडथळा वेगळाच होता. टेनेसीतील शाळांत मुली सहा-सहांचे बास्केटबॉल खेळत. बचाव करणाऱ्या तिघी मधली रेषा ओलांडू शकत नसत, त्यामुळे त्यांना बास्केटकडे चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसे. अशा मुलीला कोणते विद्यापीठ शिष्यवृत्ती देणार? ओक रिज येथील एका शाळकरी खेळाडूने 1976 मध्ये याच मुद्द्यावर न्यायालयात दाद मागितली आणि समिट यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली. खालच्या न्यायालयाचा अनुकूल निकाल अपिलात फिरला, तरी दशक सरता सरता राज्यातील शाळांनी पाच-पाचांचा खेळ स्वीकारला.

त्यानंतरचे यश सर्वश्रुत आहे: 1987 ते 2008 या काळात आठ राष्ट्रीय विजेतेपदे, 1997-98 च्या हंगामात 39 पैकी 39 विजय, आणि 2012 मध्ये आजारपणामुळे समिट निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर 1,098 विजय. पूर्ण कार्यकाळ त्यांच्या संघात खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली, हा आकडा मला विजेतेपदांपेक्षा मोठा वाटतो, आणि शिक्षणमंत्र्यांनाही तो तसाच वाटावा. आपल्या प्रश्नाशी मात्र दुसराच आकडा थेट जोडलेला आहे. डिसेंबर 1987 मध्ये टेक्सासविरुद्धचा या मुलींचा सामना पाहायला 24,563 लोक आले. गणवेशासाठी डोनट विकावे लागल्याला तेव्हा पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. प्रेक्षक येण्याआधी पैसा आला होता, आणि तो येण्यामागे कायद्याचा धाक होता.

फुटबॉलचे उत्पन्न मोठे आहे, त्याचे खेळाडू वर्षानुवर्षे फुकट राबवले गेले, आणि त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. पण हा मोबदला विद्यापीठाच्या तिजोरीतून जातो, आणि सरकारी साहाय्य घेणाऱ्या विद्यापीठाला शिष्यवृत्ती वाटताना जो कायदा लागू होतो तो हा पैसा वाटताना का लागू होऊ नये, याचे पटेल असे कारण अद्याप माझ्या वाचनात आलेले नाही.

म्हणून माझी विनंती अशी की जानेवारी 2025 चे मार्गदर्शन पुन्हा लागू करावे, आणि ते शक्य नसेल तर या रकमेला 'टायटल नाइन' लागू होतो की नाही याचे कारणांसह लेखी उत्तर खात्याने जाहीर करावे. त्याखेरीज प्रत्येक विद्यापीठाने ही रक्कम कोणत्या संघाला किती दिली याची माहिती दरवर्षी प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. महिला आणि पुरुष संघांवरील खर्चाचे आकडे विद्यापीठे आजही आपल्या खात्याकडे पाठवतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा लागेल.

आपला,
एक मराठी वाचक आणि बास्केटबॉलप्रेमी