रोम म्हणजे चिवितावेक्किया

मिलान, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी व्हॉट्सॲपवर धाडलेलं एजंटचं जहाज-सहलीचं रंगीत पत्रक नीट वाचलं. जिनोआहून निघून जिनोआलाच परत, सात रात्री, सप्टेंबरची अखेर. मार्ग चांगला आहे आणि दिवसही. फक्त दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत 'रोम' छापलंय, त्यावर जाऊ नका. रोमला जहाज लागत नाही. ते लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. मार्सेयचंही तसंच, बंदर त्याच शहरात, पण मध्यापासून लांब. उलट पालेर्मो आणि व्हॅलेटा धक्क्यावरून पायी. पत्रक वाचून हे कळत नाही आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. म्हणून जरा लांबण लावते.

व्हिसा आधी. सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली आहेत, माल्टासुद्धा. तुमचे जास्त दिवस इटलीत जाणार, तेव्हा अर्ज इटलीचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळता मिळत नाही. शुल्क माणशी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाबा, तुम्ही सत्तरी ओलांडलीत, म्हणून हप्ता बघायच्या आधी एक कलम वाचा: जुना आजार प्रवासात अचानक बळावला तर पैसे मिळतात का? सत्तरीनंतरच्या स्वस्त विम्यांत नेमकं तेच वगळलेलं असतं, आणि जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. बिल खोलीच्या खात्यावर चढतं.

खोली निवडताना एजंट बाल्कनीचं गुणगान गाईल. तुम्ही खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली मागा. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर वर-खाली होतं, मधल्या खुंटीजवळचं जागच्या जागी राहतं, जहाजाचं तेच. नकाशात वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा. डोक्यावर नाचाचा हॉल आला तर रात्री दोनपर्यंत ढोल. समुद्र लागलाच तर बार्सिलोना ते मार्सेय या रात्री लागेल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्ट्राल नावाचा वारा सुटतो आणि लिऑनच्या आखातात पाणी खवळवतो. तो हिवाळ्यात-वसंतात जास्त, पण सप्टेंबरात येतच नाही असं नाही. मळमळीची गोळी जेवणाआधी, पोट ढवळायच्या आत घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती ते आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि बाबांच्या वयात लघवी अडू शकते.

आई, किटली आणू नकोस. इस्त्रीही नको. धक्क्यावर सामान विमानतळासारखं यंत्रातून जातं, आणि तापणाऱ्या तारेची कुठलीही वस्तू आगीच्या भीतीने काढून घेतात. चिठ्ठी लावून ठेवतात, उतरताना परत देतात, पण ती बॅग मात्र खोलीत येत नाही, तळघरात जाऊन उघडून दाखवावी लागते. चहासाठी बुफेत उकळतं पाणी दिवसभर असतं. साखर नसलेल्या प्रीमिक्सची पाकिटं आणि छोटा थर्मास पुरे. खोलीत दोन गोल पिनांचा सॉकेट असतो. आपल्या मोबाइलच्या बारीक दोन पिना त्यात बसतात, तीन पिनांचं काही बसत नाही. संडासात जेट नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरा असतो, रात्री उठताना दिवा लावूनच पाय टाकायचा.

मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालाकडे दिल्या की संध्याकाळपर्यंत दारात येतात. तोवर औषधं, चष्मे, एक कपड्यांचा जोड आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत. गोळ्या दुप्पट दिवसांच्या, मूळ पाकिटात आणि दोन ठिकाणी वाटून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्या कंपनीचं नाव इथल्या औषधवाल्याला कळत नाही. आईचं इन्सुलिन खोलीतल्या छोट्या फ्रिजवर सोडू नका, तो नावालाच गार असतो. खोली आवरणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना आणीबाणीची कवायत करावी लागते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपल्या जमायच्या जागी जायचं. तिथला क्रमांक खोलीच्या कार्डावर छापलेला असतो. जिना कुठला, हे पायाने जाऊन बघून ठेवा. लिफ्ट तेव्हा वापरत नाहीत. त्याच संध्याकाळी फोन विमान मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि न बोलताही बिल वाढवतो. किनाऱ्यावर उतरलात की मोड काढा.

आता जेवण. रात्रीच्या मुख्य हॉलमध्ये दोन पंगती असतात. पहिली मागा, दुसरी नऊच्या पुढे बसते. शाकाहारी जेवणाचं आत्ताच, तिकिटावर लिहून घ्या. एक गोष्ट बाबांना आवडणार नाही: पार्मेझान चीज वासराच्या पोटातलं विरजण घालून करतात, म्हणून पास्त्यावर ते भुरभुरायच्या आधी नको म्हणायचं. जिनोआच्या पेस्तोतही ते असतंच. त्या बदल्यात या मार्गावर बेसन मात्र जागोजागी भेटेल. जिनोआत फारिनाता म्हणून पदार्थ आहे: चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. पीठ काही तास भिजवून ठेवतात, मग तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत लावतात. वरून खरपूस, आत मऊ, अगदी जाड धिरडं. जुन्या बंदरामागच्या बोळांत मिळतं. त्याच पिठाची पालेर्मोत तळलेली पानेल्ले, आणि मार्सेयकडे पानिस. आई, तिखटाची डबी सोबत ठेव.

चिवितावेक्कियाला गेल्यावर काय करायचं? जहाजाची रोमची बस घ्या, महाग असली तरी. त्याचं कारण सांगते. सगळ्यांनी परत येण्याची वेळ जहाज सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधीची असते. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची आगगाडी उशिरा आली तर थांबत नाही, आणि पुढचं बंदर पालेर्मो आहे, म्हणजे विमानाचा खर्च. बाबा तरीही आगगाडीच म्हणणार, म्हणून तीही लिहिते. जहाजापासून बंदराची बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यापर्यंत सोडते, तिथून दुसऱ्या बसने स्टेशन. साध्या गाडीला तास-सव्वा तास लागतो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारायचा. विसरलात तर तिकीट हातात असूनही दंड. सेंट पीटर्स चर्चला जायचं तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जायची गरज नाही, सान पिएत्रो स्टेशनवर उतरा, तिथून चौक चालत दहा-पंधरा मिनिटं. आणि आदल्या दिवशी संप आहे का ते मला विचारा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढ्याच वेळात गाड्या सोडायचं बंधन असतं. जहाजाच्या माणसांचा दिवस नेमका त्या दोन वेळांच्या मधला.

रोममध्ये तुमच्या हाती सहा तास उरतील, फार तर. कलोसियम किंवा व्हॅटिकन, यातलं एकच. दोन्ही करायला गेलात तर दोन्हीच्या रांगाच बघाल. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा मोठं चर्च सकाळी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आईच्या साडीला किंवा पंजाबी ड्रेसला कोणी अडवणार नाही, बाबांच्या अर्ध्या चड्डीला अडवतील. घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि शेवटी भिंत आत कलते. ते नकोच. रोमचे रस्ते छोट्या काळ्या दगडांचे आहेत, मधल्या फटीत टाच अडकते. जाड तळव्याचे बूट घाला, नवे नकोत.

पालेर्मोला मात्र कुठलीही सहल विकत घेऊ नका. धक्क्याबाहेर पडलं की गावच. सरळ वर चालत गेलात की तेआत्रो मास्सिमो हे ऑपेराचं नाट्यगृह, पंधरा-वीस मिनिटं. पुढे चौकात क्वात्रो कान्ती, चारही कोपऱ्यांना चार इमारती, आतल्या बाजूने गोलाई दिलेल्या. आणखी पुढे नॉर्मन राजवाडा आणि त्यातलं काप्पेल्ला पालातिना, म्हणजे राजाचं खासगी चर्च. परतीचं थोडं चालणं टॅक्सीवर टाका, पण हे बघाच. १२व्या शतकात रॉजर दुसरा या नॉर्मन राजाने बांधलं. भिंतींवर बायझंटाइन सोनेरी मोझेक, आणि छत लाकडाचं, अरबी कारागिरांच्या मधाच्या पोळ्यासारख्या नक्षीचं. एकाच खोलीत तीन जगं, आणि भांडत नाहीत. मान दुखेल, मागच्या बाजूला बसायची जागा धरा. बाल्लारो बाजारातून परत या. पिशवी पुढे, छातीशी. पानेल्ले पावात घालून देतात, वर लिंबू पिळून. पाव नको असेल तर नुसतंही मागता येतं.

व्हॅलेटाला पोचताना पहाटे डेकवर जा. ग्रँड हार्बरमध्ये जहाज दोन्ही बाजूंच्या पिवळ्या तटबंदीमधून शिरतं, आणि या सात दिवसांत जहाजावरून दिसणारं सर्वांत सुंदर दृश्य हेच आहे. शहर वर, धक्का खाली. आईच्या गुडघ्यांसाठी बाराक्का लिफ्ट आहे: ५८ मीटर उंच, धक्क्यापासून थोडं चालून, २०१२ साली नव्याने उभारलेली. वर थेट बागेत उघडते. तिथल्या कठड्याखाली दुपारी १२ला तोफ उडवतात, पावणेबाराला जागा धरा आणि कानात बोटं घाला. मग सेंट जॉन्स कॅथेड्रल. संगमरवरी जमीन सरदारांच्या थडग्यांची आहे, म्हणून अणकुचीदार टाचेची चप्पल चालत नाही. आत काराव्हाज्जोचं १६०८चं मोठं चित्र, त्याने सही केलेलं हे एकच. रविवारी पर्यटकांना बंद. पास्तित्सी म्हणून खारीसारखा पदार्थ मिळेल, मटाराचा घ्या, पण पिठात चरबी घातली आहे का ते विचारा. रस्ता ओलांडताना आपल्यासारखंच उजवीकडे बघा, इथे गाड्या डावीकडून चालतात. १९६४पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं. बाकी सगळ्या बंदरांत उलट.

मधला दिवस समुद्राचा. झोपा.

बार्सिलोनाला बहुतेक मोठी जहाजं लांबच्या धक्क्यावर लागतात, तिथून कोलंबसच्या खांबापर्यंत बस असते. साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच मिळतं, मी काढून ठेवते. टॅक्सीने जा. राम्ब्ला या रस्त्याच्या गर्दीत कोणी शर्टावर डाग पडलाय म्हणून पुसायला आला, तर बाबांनी आधी खिसा धरायचा, शर्ट नंतर.

मार्सेयला मध्यापर्यंत जहाजाची शटल, मग जुन्या बंदरावरून ६० नंबरची बस, ती नोत्र दाम द ला गार्द या चर्चपर्यंत टेकडी चढते. उतरताना तीच बस. साबण विकत घ्यायचाच तर 'मार्सेय' आणि ७२ टक्के असा ठसा बघा. तेवढ्यावर परत या, सामान बांधायचं आहे.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. दर वर्षी कोणीतरी सकाळी घालायचे कपडेही त्यातच घालून देतो आणि नाइट ड्रेसवर उतरतो. खोलीच्या बिलात माणशी रोजचा सेवाआकार आपोआप चढलेला असेल, ती चूक नाही; पण प्यायलेलं पाणी आणि न घेतलेली कॉफी यांचा हिशेब बघा. कार्डाच्या यंत्राने 'रुपये की युरो' विचारलं तर युरो दाबा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो. या जहाजावर दर बंदरात माणसं चढतात-उतरतात, म्हणून तुमच्या शेवटच्या दिवशीही बाकीच्यांची सुट्टी चालूच असेल. गोंधळू नका, पत्रकातली तुमची पट्टी आणि वेळ बघा. जिनोआच्या स्तात्सिओने मारित्तिमाच्या, म्हणजे जहाजांच्या स्थानकाच्या बाहेर, टॅक्सीच्या रांगेच्या उजव्या हाताला मी उभी असेन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या दोन-दोन प्रती काढा. काही जहाजांवर मूळ पासपोर्ट ठेवून घेतात. एक प्रत खिशात, एक मला पाठवा. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर खाली छापलेला असतो, खाली उतरण्याआधी त्याचा फोटो काढा.