नाणं वाजवून बघ

नेरूळ,
रविवार, दुपार

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बाबांवर ओरडलास ते सगळं मी ऐकलं. "या वयात लाद्या कापायचं ग्राइंडर कशाला हातात घेता, मिस्त्री बोलवा ना!" बोलावले होते रे. तीन येऊन गेले. नऊ लाद्यांसाठी कोणी हात लावेना. तिघांचंही एकच, "पूरा हॉल कर लो, आंटी."

डिसेंबरात एका गार रात्री अडीच वाजता फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून बघतो तर हॉलमधल्या दोन लाद्या कडेला कड लावून तंबूसारख्या उभ्या. आपल्या मिस्त्रीने त्या एकमेकींना खेटून बसवल्या होत्या, मध्ये फटच नाही. थंडी-उन्हाने खालचं काँक्रीट आकसतं-फुगतं. लादीला हलायला जागा नसली की ती वर उठते.

बाबा फुटलेल्या दोनच काढणार होते. मी दहाचं नाणं घेऊन हॉलभर वाजवत फिरले. माठाच्या बरोबर उलटा हिशोब आहे हा. माठ खणखणला तर चांगला. लादी खणखणली तर खाली पोकळ समजायचं. भरीव लादी बद्द वाजते. अशा सात खणखणल्या. उचकटल्यावर दिसलं की सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवण, फक्त मधोमध ओतलेली, कोपरे कोरडे ठणठणीत. वीस वर्षं आपण त्यावर चालत होतो!

सोसायटीने दहा ते एक एवढीच ठोकाठोकीची वेळ दिली. खालच्या मजल्यावर बाळ आहे, ते योग्यच. जुना माल छिन्नीने खरवडायला तीन दिवस गेले. धूळ म्हणशील तर देवघरातल्या समईपर्यंत. मास्क-गॉगल दोघांनीही लावले होते, एवढं तुझं ऐकलं.

शिरवण्याच्या हार्डवेअरवाल्याकडून लादी चिकटवायच्या अ‍ॅडेसिव्हची वीस किलोची गोणी आणली. ते कालवून पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, परत घोटायचं. मी एकदम अर्धी बालदी कालवली आणि बाबांची पहिली लादी लागेपर्यंत बालदीतल्या मालाचा दगड झाला. मग अर्ध्या तासात संपेल एवढंच भिजवायचं ठरवलं. लादीच्या पाठीला पांढरी पावडर असते, ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर पकड येत नाही. दातेरी थापीने खाली एका दिशेने रेघा ओढायच्या, लादीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. आणि व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, लादी पाण्यात भिजवायची नाही, ती पाणी पीतच नाही. बाबांनी सवयीने टब भरून ठेवला होता. त्यात मी पायपुसणी धुतली.

दुसरी लादी दोन मिलिमीटर वर बसली. बाबा म्हणाले, "कोणाला कळणार नाही." मी एटीएम कार्ड सरकवून दाखवलं, कड अडत होती. ओली होती म्हणून निघाली. त्यानंतर फटीत ठेवायचे दोन मिलिमीटरचे स्पेसर आणि लेव्हल बाटली यांच्याशिवाय त्यांनी एकही लादी बसवली नाही. एक दिवस त्यावर पाय ठेवला नाही, मग फटींत ग्राउट, म्हणजे सांध्यांचा मसाला, भरलं. तो आठवडाभर आपल्याकडे कोणी आलं तरी किचनमध्येच बसवत होते.

आणि हो, दिवाणाखालचा उरलेल्या लाद्यांचा तो खोका. "आई, हा कचरा फेक" म्हणायचास ना? त्यातल्या सात लाद्या कामाला आल्या. आता हुबेहूब तसली मिळत नाही. कारखान्यात दर बॅचला छटा बदलते. बाकीच्या दोन जराशा पिवळट मिळाल्या, त्या सोफ्याखाली आहेत. मला बसल्या जागेवरून दिसतात. बाबांना दिसत नाहीत म्हणे.

आता तुझं. घोडबंदरच्या फ्लॅटचा ताबा घ्यायला जाशील तेव्हा गुळगुळीत चकाकीवर जाऊ नकोस. खिशात नाणं आणि कागदी चिकटपट्टी ठेव. प्रत्येक लादी मधोमध नाही, चारही कोपऱ्यांवर वाजव. बाल्कनीच्या दारापाशी आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी जास्त. खणखणेल तिथे पट्टी लाव, फोटो काढ आणि सही करायच्या आधी यादी लेखी दे. बिल्डरकडून त्याच बॅचचा एक खोका मागून घे. ठेवायला जागा नाही म्हणालास तर दिवाण मी देते.

बाबा ग्राइंडर घेऊन तिकडे यायला तयार बसलेत. "ये" म्हणू नकोस, कंबर अजून धरलेली आहे.

तुझी,
आई