रबरी बंपरच्या एमजीबीला क्रोम बंपर : काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

१९७५च्या एमजीबी रोडस्टरवर (एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) क्रोमचे बंपर बसले. पुढची जाळी, मडगार्डातले साइड लाइट, खालचा पत्रा, सगळं जागेवर आलं आणि गाडी पुन्हा जमिनीलगत उभी राहिली. याचं श्रेय तुमच्या वहीतल्या मापांना आणि पुठ्ठ्याच्या साच्यांना आहे. हे पत्र सर्वांसाठी खुलं ठेवतोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते ब्रिटनमध्ये अशी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या उपयोगाचं आहे. आभार मानायचे तर नेमके कशाचे, ते सांगायला हवं.

पहिले आभार "अजून बंपर विकत घेऊ नका" या वाक्याचे. क्रोमच्या पट्ट्या दिसायला सोप्या वाटतात, म्हणून बहुतेकजण सुरुवात तिथूनच करतात. तुम्ही आधी कारण समजावलंत. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार बंपरला जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात मार सोसावा लागत होता. त्यासाठी सप्टेंबर १९७४ पासून एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याने एमजीबीला पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेन (रबरासारखं दिसणारं प्लास्टिक) चढवलेले जाडजूड बंपर दिले आणि गाडी जवळजवळ दीड इंच उचलली. त्याच सुमारास दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जागी एकच १२ व्होल्टची आली आणि रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) काढून टाकला गेला. तो १९७६च्या मध्यावर परत आला. म्हणजे बंपरबरोबर पत्रा बदलला, उंची बदलली, गाडीची चालही बदलली. उलट दिशेने जाताना या प्रत्येक गोष्टीचा हिशोब द्यावा लागतो. बंपर सगळ्यांत शेवटी.

काम सुरू करण्याआधी उंची मोजायची तुमची रीत आता आमच्याकडे कायमची झाली आहे. सपाट फरशीवर गाडी, टायरमध्ये योग्य हवा, टाकी अर्धी, डिकी रिकामी. मडगार्डावरून जाणाऱ्या चकचकीत पट्टीच्या खालच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर चारही बाजूंना लिहून ठेवायचं. मडगार्डाच्या कमानीवरून मोजू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पन्नास वर्षांच्या गाडीत ती कड कुणीतरी ठोकून सरळ केलेली किंवा पुटीने भरलेली असते. पट्टीची रेघ त्या मानाने भरवशाची.

जुने बंपर काढताना गॅसची ज्योत वापरू नका, हा तुमचा निरोप लोकांनी गांभीर्याने घ्यायला हवा. गंजलेला नट दिसला की हात ज्योतीकडेच जातो. पण पॉलियुरेथेन जळला की विषारी धूर सुटतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेतू शकतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, सकाळी लांब दांड्याचा पाना, तरीही नट हलला नाही तर तो कापून काढायचा. शिवाय हे बंपर चांगलेच जड असतात. शेवटचा नट सुटताना दोन माणसं हवीतच.

आता पत्र्याचं काम. इथे तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. रबरी बंपर मडगार्डांचे खालचे कोपरे झाकून टाकतो, म्हणून कारखान्यात ते कोपरे वेगळेच कापलेले असतात. पुढच्या मडगार्डात साइड लाइट आणि इंडिकेटरच्या जोडदिव्याचं भोकही नसतं, कारण इंडिकेटर बंपरमध्ये बसवलेला असतो. बंपरखालचा पुढचा आडवा पत्राही नसतो. पुढची मडगार्डं बोल्टने जोडलेली असल्यामुळे तिथे दोन वाटा आहेत : आहे त्या मडगार्डाला खालचा तुकडा जोडून दिव्याचं भोक पाडणं, किंवा क्रोम गाडीचं आख्खं मडगार्ड बसवणं. निवड कशी करायची ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत : चाकामागचा खालचा भाग चाचपून बघा. तिथे चिखल साठतो, पत्रा आतून कुजतो आणि बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो. पेचकसाच्या टोकाने तो भाग दबला तर तुकडा जोडण्यात पैसे घालवू नयेत. आमच्या गाडीचा दबला, म्हणून दोन्ही मडगार्डं नवी घेतली. मूळ कारखान्याच्या साच्यांवर दाबलेली मडगार्डं ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी बनवते. ती महाग पडतात, पण कडा जुळवण्यात वाचलेले दिवस मोजले तर सौदा स्वस्तच आहे.

मागची बाजू कठीण, कारण तिथली मडगार्डं वेल्डिंगने जोडलेली असतात आणि दिव्याखालचा कोपरा नव्याने घडवावा लागतो. शेजारी, डिकीच्या तळाखाली, पेट्रोलची टाकी. "टाकी रिकामी करून चालणार नाही, टाकी खाली उतरवायची" हे तुमचे शब्द. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाकी उतरवून बाहेर अंगणात, नळीच्या टोकाला बूच, बॅटरीची अर्थिंग सुटी आणि अल्टरनेटरचा प्लगही काढलेला, एवढं झाल्यावरच वेल्डिंगची ठिणगी पाडायची.

तुमचे पुठ्ठ्याचे साचे इथे कामी आले. १९७३च्या गाडीच्या कोपऱ्यांवरून उतरवलेले, प्रत्येकावर "डावा", "उजवा" आणि वरच्या दिशेचा बाण. नवा तुकडा मूळ पत्र्यावर चढवून जोडण्याऐवजी कडेला कड भिडवून जोडा, असं तुम्ही सुचवलंत. चढवलेल्या जोडात दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि चार-पाच हिवाळ्यांत, रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या कृपेने, रंगाखाली फोड उठतात. कडेला कड भिडवायची तर फट वेल्डिंगच्या तारेएवढी हवी. सुमारे ०.९ मिलिमीटरच्या पत्र्याला ०.६ मिलिमीटरची तार. आधी दोन टोकांना टाके, मग मध्ये एक, मग उरलेल्या जागांच्या मध्ये; शेवटी सगळे टाके एकमेकांपासून सुमारे २५ मिलिमीटरवर आले की एकेक फट भरायची, तीही सलग न भरता आलटूनपालटून. हात लावल्यावर चटका बसला तर थांबायचं. घाई केली की पत्रा तापून फुगतो, फुगवटा ठोकून बसवावा लागतो आणि मग त्यावर पुटीचा थर चढतो. ही साखळी पहिल्याच टाक्याला तोडता येते, हे तुम्ही दाखवून दिलंत.

टाके मारण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघायचा तुमचा आग्रह होता. खालचा पत्रा, बंपरच्या लोखंडी पट्ट्या, बंपर, दिवे, सगळं क्लॅम्पवर टांगायचं, दहा पावलं मागे जाऊन बघायचं आणि मगच वेल्डिंग. रबरी बंपरचे भक्कम ब्रॅकेट चासीच्या पुढच्या टोकांवर असतात. क्रोमच्या पट्ट्यांची जागा ठरेपर्यंत त्यांना ग्राइंडर लावायचा नाही, कारण मापाला तेच एक खात्रीचं ठिकाण. बाजारात मिळणारे नवे क्रोम बंपर वाकासकट तंतोतंत येतीलच असं नाही. आलेला एक बंपर एका टोकाला मडगार्डापासून बोटभर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम नखभर अंतरावर होता. तो दाबून वाकवला तर क्रोमला केसाएवढ्या चिरा पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. पट्ट्यांची भोकं लांबट असतात. आधी त्यात सरकवून बघायचं, मग वॉशरांनी अंतर काढायचं, तेवढ्याने भागलं नाही तर बंपर परत पाठवायचा. आम्ही परत पाठवला. बंपरच्या पाठीमागे क्रोम नावालाच असतो, म्हणून तिथे झिंक प्रायमर आणि वर मेण, ही तुमची सूचनाही पाळली.

जाळीबाबत तुमचा सल्ला वर्षावर अवलंबून होता आणि तो जसाच्या तसा इथे देतोय. सुरुवातीपासून १९६९ पर्यंत उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी, १९७० ते ७२ आत घेतलेली काळी, १९७३-७४ मध्ये क्रोमच्या चौकटीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. १९७६च्या मध्यापर्यंतच्या रबरी बंपर गाड्यांत यातली कुठलीही बसवणं तुलनेने सोपं. त्यानंतरच्या गाड्यांत रेडिएटर पुढे सरकलेला आहे, वरचा आडवा पत्राही बदललेला आहे. तिथे जाळी घेण्याआधी पंखे, रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या नळ्या यांच्यापुढे किती जागा उरते ते मोजायला हवं.

वायरिंगमध्ये वेळ फार गेला नाही. डाव्या इंडिकेटरला हिरवी-लाल, उजव्याला हिरवी-पांढरी, साइड लाइटला लाल, अर्थिंगला काळी. नवा दिवा रंगवलेल्या मडगार्डात रबरी गादीवर बसतो, त्यामुळे अर्थिंग पत्र्यातून मिळेल असं गृहीत धरायचं नाही, काळी वायर स्वतंत्र न्यायची. इंडिकेटर लावल्यावर साइड लाइटही लुकलुकायला लागला तर दोष अर्थिंगचाच. नंबरप्लेटच्या दिव्याची नवी जागाही रंगाआधीच ठरवावी, नाहीतर ताज्या रंगात ड्रिल घालावं लागतं.

आणि उंची. बंपर बदलून गाडी दीड इंच वरच ठेवली तर ती पाय उचलून उभी असल्यासारखी दिसते आणि वळणावर जास्त झुकते. क्रोम गाडीचा पुढचा क्रॉसमेंबर (पुढच्या चाकांची जोडणी धरणारी आडवी तुळई) घालणं हा शुद्ध उपाय. पण स्टिअरिंग रॅकचे ब्रॅकेट आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड यांचा मेळ बसला नाही तर स्टिअरिंग अडखळतं. त्यामुळे "घ्यायचं तर क्रोम गाडीचं पूर्ण जोडकाम घ्या, नुसता क्रॉसमेंबर नको" असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आम्ही दुसरा मार्ग धरला : पुढे एक इंच आखूड स्प्रिंगा, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक इंचाचे ठोकळे.

पुढची स्प्रिंग काढणं हे या कामातलं सगळ्यांत धोक्याचं पाऊल. ती दाबलेली असते आणि एकदम सुटली तर हात तोडेल. स्प्रिंगच्या खालच्या ताटलीचे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब आटे असलेले दोन बोल्ट घालायचे, खाली जॅक ठेवायचा, मग बाकीचे काढून ते दोन लांब बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने सैल करत ताटली खाली आणायची. गाडी भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. जुनी स्प्रिंग कापून आखूड करू नका, हेही तुम्ही बजावलंत. कापलेलं टोक ताटलीत नीट बसत नाही आणि स्प्रिंग तिरपी दबते.

मागच्या ठोकळ्याचं गणित तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. पाट्याचा मधला बोल्ट ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्यावरचा खुंट ॲक्सलच्या भोकात बसलाच पाहिजे, नाहीतर ॲक्सल मागेपुढे सरकतो. यू-बोल्ट तेवढेच लांब हवेत. जुने ताणून वापरायचे नाहीत. शॉकॲब्सॉर्बरची कडी पाट्याखालच्या प्लेटला असल्यामुळे त्याच्या दांड्याची ठेवण बदलत नाही. पण ॲक्सल आणि वरचा रबरी ठोकर यांच्यातलं अंतर ठोकळ्याएवढं कमी होतं. ठोकर तसाच ठेवला तर दोन माणसं बसल्यावर खड्ड्यात धाडकन आवाज येतो आणि लोकांना वाटतं पाटा तुटला. ते अंतर आधी मोजा, हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून आम्हाला तो आवाज ऐकावाच लागला नाही.

स्प्रिंगा बसायला थोडे मैल द्यायचे, मग पुन्हा ओळंबा, मग पुढच्या चाकांचा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असणं) एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच, आणि शेवटी हेडलाइटचा नेम. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उतरली तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हा बदल विमा कंपनीला लेखी कळवला आहे, तुम्ही सुचवल्याप्रमाणे काम सुरू होण्याआधीच.

काका, रबरी बंपर टाकून दिलेले नाहीत. ते कोरड्या जागी, सपाट फळीवर, काढलेल्या नटबोल्टांच्या पिशवीसकट ठेवले आहेत, म्हणजे पुढे कुणाला गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर अडायला नको.

तुमचे चारही साचे टपालाने परत पाठवतोय. मागच्या डाव्या साच्याची खालची कड आमच्या गाडीला २ मिलिमीटर जास्त झाली होती. साचा कापलेला नाही. पेन्सिलने रेघ मारून शेजारी गाडीचं वर्ष लिहिलं आहे, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही मापं मिळतील. पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले होते, तिथे आतून चिकटपट्टी लावली आहे.

मनापासून आभार.

आपले,
एमजीबीवाले तिघे